आईला विचारायचे राहून गेले

रुग्णालयातून आईला घरी आणले त्या दिवशी डॉक्टरांनी, परिचारिकेने आणि औषधे देणाऱ्या माणसाने मला वेगवेगळ्या सूचना दिल्या. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, पुन्हा दाखवायला कधी यायचे, काय झाले तर न थांबता यायचे, हे सगळे मी एका कागदावर उतरवून घेत होतो, आणि आई शेजारी चाकाच्या खुर्चीत बसून बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती. गाडी सुरू झाल्यावर ती म्हणाली, "मला नक्की काय झालं होतं रे? मला कुणी सांगितलंच नाही."

आईचे वय तेव्हा ८६ होते. तिला थोडे कमी ऐकू येते, पण तिची समज शाबूत आहे. तरीही त्या दहा दिवसांत तिच्याविषयीचा एकूणएक शब्द तिला वगळून माझ्याशी बोलला गेला होता, आणि मीही तो तसाच बोलू दिला होता. तिला लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग झाला होता, हे मी तिला त्या गाडीत पहिल्यांदा सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं, तुम्ही काहीतरी लपवताय." दहा दिवस ती त्या भीतीत एकटी होती. गेली अडीच वर्षे तिला सांभाळताना जे काही शिकलो, त्याची सुरुवात मी त्या वाक्यापासून धरतो.

आई आजारी पडण्याच्या कितीतरी आधीपासून क्षीण होत चालली होती. बाटलीचे झाकण उघडायला ती कुणाला तरी हाक मारू लागली होती. चालताना ती माझ्या मागे पडायची आणि मी नकळत थांबून तिची वाट पाहायचो. कपडे सैल झाले होते, दुपारनंतर ती "आज काही करावंसं वाटत नाही" असे म्हणायची, आणि शेजारच्या बाईंकडे जाणे तिने कधी सोडले ते आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. या सगळ्याला आम्ही घरात एकच उत्तर ठरवून टाकले होते : वय झाले.

वय झाले हे खरेच होते, पण ते कारण म्हणून पुरेसे नव्हते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला फ्रेल्टी म्हणतात. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये, ६५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक लोकांच्या निरीक्षणावरून, तिची पाच लक्षणे ठरवून दिली : प्रयत्न न करता वर्षभरात वजन सुमारे साडेचार किलो किंवा त्याहून जास्त घटणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांतली तीन असली तर माणूस क्षीण मानायचा, एक किंवा दोन असली तर तो त्या वाटेवर आहे असे समजायचे. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा आईची पाचही लक्षणे त्यात होती, आणि ती सगळी मी रोज डोळ्यांनी पाहिलेली होती.

नुसता अशक्तपणा आणि ही क्षीणता यांत फरक आहे. शरीरात स्नायूंची, तोलाची, भुकेची, झोपेची, मनाच्या उमेदीची थोडी थोडी शिल्लक असते, आणि आजारपण आले की आपण ती खर्च करून सावरतो. क्षीण माणसाकडे ती शिल्लक उरलेली नसते. म्हणून जो ताप तरुण माणसाला दोन दिवस अंथरुणात ठेवतो, तोच ताप वृद्ध माणसाचे चालणे कायमचे थांबवू शकतो. एखादी नवी गोळी, घरबदल, जोडीदाराचा मृत्यू, एवढेच काय पण चुकीच्या मापाची चप्पलसुद्धा अशा वेळी पुरेशी ठरते. ही शिल्लक काही अंशी पुन्हा भरून काढता येते, विशेषतः लवकर लक्षात आले तर, ही यातली खरी महत्त्वाची गोष्ट आहे, आणि "वय झाले" या दोन शब्दांनी आम्ही तीच झाकून ठेवली होती.

रुग्णालयातल्या तिसऱ्या रात्री आईने मला ओळखले नाही. ती माझ्या मामाच्या नावाने मला हाका मारत होती, हाताला लावलेली सलाईनची नळी ओढत होती, आणि खोलीत पाणी शिरले आहे असे म्हणून पाय वर घेत होती. मला वाटले, तिचे डोके कायमचे गेले. नंतर कळले की याला डेलिरियम म्हणतात, तो अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, आणि मूळ कारण दूर केले तर बहुतेकदा ओसरतो, जरी काहींना त्यातून बाहेर यायला आठवडे लागतात. स्मृतिभ्रंश वेगळा, तो महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातो. त्या रात्री हा फरक मला कुणी दोन वाक्यांत सांगितला असता तर मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून रडलो नसतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शॅरन इनोये यांनी १९९९ मध्ये रुग्णालयातल्या ८५२ वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका गटाला आपण कुठे आहोत आणि आज वार कोणता हे पुन्हा पुन्हा सांगितले जात होते, चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी दिले जात होते, पाणी पाजले जात होते, लवकर उठवून चालवले जात होते, रात्री शांतता ठेवून झोपू दिले जात होते. त्या गटात डेलिरियमचे प्रमाण ९.९ टक्के राहिले, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात ते १५ टक्के होते. यातले कोणतेही काम करायला डॉक्टर लागत नाही. आईचा चष्मा त्या तीन दिवसांत घरी कपाटात होता, कारण "तिथे कशाला लागणार" असे मीच म्हटले होते, आणि तिचे कानाचे यंत्र हरवू नये म्हणून मी माझ्या खिशात ठेवले होते. तिला ना नीट दिसत होते, ना ऐकू येत होते, आणि खोली परकी होती. आता घरात एक पिशवी कायम भरलेली असते. तिच्यात जादा चष्मा, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, दातांच्या कवळीची डबी, मोठ्या आकड्यांचे घड्याळ, औषधांची यादी आणि आईला काय आवडते, कशाने ती बिथरते हे लिहिलेला एक कागद आहे. ज्यांच्या घरी कुणी वृद्ध आहे त्यांनी अशी पिशवी आजच भरून ठेवावी, असे मी कळकळीने सांगतो.

दहा दिवसांपैकी जवळजवळ सगळा वेळ आई खाटेवर होती. पडू नये म्हणून तिला उतरू देत नव्हते, आणि मलाही ते बरोबरच वाटत होते. प्रत्यक्षात विश्रांतीची किंमत वृद्ध शरीर फार मोठी मोजते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो वजन, बहुतांशी स्नायूंचे, नाहीसे झाले. ती माणसे आजारी नव्हती, जेवत होती. आईसारखी आधीच क्षीण असलेली, तापात असलेली, अर्ध्या ताटावरून उठणारी स्त्री त्या दहा दिवसांत काय गमावत असेल याची कल्पना करावी. ब्रिटनमध्ये मार्जरी वॉरन या डॉक्टर बाईंनी १९३५ पासून शेकडो दीर्घकाळ खिळून पडलेल्या वृद्धांना नीट तपासले, वर्गवारी केली, अंथरुणातून उठवले, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण चालत बाहेर पडले. वृद्धचिकित्सा ही स्वतंत्र शाखा त्यांच्या कामातून उभी राहिली. इतक्या जुन्या गोष्टीची आठवण अजूनही पुन्हा पुन्हा करून द्यावी लागते, याचे मला वाईट वाटते.

घरी आल्यावर मी तीच चूक प्रेमापोटी केली. आईला त्रास नको म्हणून मी आणि माझी पत्नी तिचे सगळे करू लागलो. केस विंचरणे, बटणे लावणे, घास भरवणे, पाण्याचा पेला ओठांना लावणे, सगळे. काम लवकर उरकायचे, तिला दमवणूक होत नसे, आणि येणारे जाणारे म्हणायचे, "किती करता हो तुम्ही आईचं." तीन आठवड्यांनी तिला व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आईला विचारले, "आजी, सकाळपासून स्वतःच्या हाताने काय काय केलंत?" आईने विचार केला आणि म्हणाली, "काहीच नाही." ताईंनी माझ्याकडे पाहिले नाही, पण मला जे कळायचे ते कळले.

त्यानंतर आम्ही एकेक काम तिला परत देऊ लागलो. खुर्चीतून हात न टेकता उठणे हा तिचा मुख्य व्यायाम ठरला. पहिल्या आठवड्यात एकदाही जमले नाही, म्हणून खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठक उंच केली; चौथ्या आठवड्यात ती सलग पाच वेळा उठली. बटणे लावायला तिला अकरा मिनिटे लागायची. ती अकरा मिनिटे हात मागे बांधून शेजारी उभे राहणे ही माझ्या आयुष्यातल्या अवघड कामांपैकी एक होती, कारण बोटे शिवशिवायची. सांभाळणाऱ्याची घाई आणि सांभाळल्या जाणाऱ्याची ताकद यांचे असे उलटे नाते आहे. वेळ नसला की आपण त्यांच्या हातून काम काढून घेतो, हातून गेलेले काम काही आठवड्यांत हातांनाच विसरायला होते, आणि मग ते आयुष्यभर आपल्यालाच करावे लागते.

औषधांच्या बाबतीत मी थोडक्यात लिहितो. घरी आलो तेव्हा आईला नऊ गोळ्या होत्या, वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वर्षी सुरू केलेल्या. सकाळी उठताना तिला भोवळ यायची आणि आम्ही ती अशक्तपणाच्या खात्यावर टाकत होतो. वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरांनी तिचे बीपी आधी झोपवून आणि मग उभे करून मोजले. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते भोवळीचे आणि पडण्याचे कारण असू शकते; आईचा वरचा आकडा ३४ ने उतरला होता. त्यांनी हळूहळू तीन गोळ्या बंद केल्या आणि एकीची मात्रा निम्मी केली. हे आपल्या मनाने कधीच करू नये, पण "यातली कोणती आता नको असेल?" असे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क आपल्याला आहे आणि तो वापरावा.

त्याच डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलेला प्रश्न मला विशेष वाटला. आई आत्ता कशी आहे हे त्यांनी नंतर पाहिले. आधी त्यांनी तिलाच विचारले, "हा आजार येण्याच्या दोन आठवडे आधी तुम्ही काय काय स्वतः करत होता?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तर त्यांनी हाताने थांबवले. आईने सांगितले : आंघोळ, कपड्यांच्या घड्या, फोन लावणे, हिशेब. मग त्यांनी विचारले, "यातलं काय परत यायला हवंय?" आई म्हणाली, "संडासला मला एकटीला जाता यायला हवं." आम्ही तोवर तिचे वजन, भूक आणि रक्ताचे अहवाल यांवरच लक्ष ठेवून होतो. तिला लाज वाटत होती, ती पाणी कमी पीत होती म्हणजे आम्हाला कमी उठवावे लागेल, आणि पाणी कमी प्यायल्यानेच संसर्गाचा धोका वाढत होता. एका प्रश्नाने ही साखळी उलगडली. दाराजवळ आणि कमोडच्या दोन्ही बाजूंना पकडदांडे लावले, वाटेवरची सतरंजी काढली, रात्रीसाठी जमिनीलगत मंद दिवा लावला, आणि दीड महिन्याने दिवसा ती वॉकर घेऊन एकटी जाऊ लागली. रात्री मात्र सोबत लागते, अजूनही.

आता सांभाळणाऱ्याविषयी. मी ६१ वर्षांचा आहे, म्हणजे स्वतः म्हातारपणाच्या उंबरठ्यावर असताना दुसऱ्याचे म्हातारपण सांभाळतो आहे, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षी आई रात्री तीनदा ते चारदा उठायची. माझी झोप दीड-दोन तासांच्या तुकड्यांची झाली. कंबर दुखायची, कारण तिला खाटेवरून उचलताना मी वाकून, पाठीने उचलत होतो. गुडघे वाकवून, तिला अंगाशी घेऊन, आधी पुढे झुकवून उठवायचे हे मला सहा महिन्यांनी शिकवले गेले. मी मित्रांचे फोन घ्यायचे सोडले. एका पहाटे चौथ्यांदा उठल्यावर मी आईवर ओरडलो. इतक्या मोठ्याने, की पत्नी दुसऱ्या खोलीतून धावत आली. आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने संध्याकाळपासून पाणी प्यायचे बंद केले, आणि का, हे मला दोन दिवसांनी कळले. ते ओझे मी अजून वाहतो, आणि इथे लिहितो ते अशासाठी, की असे ओरडून नंतर अंधारात बसणाऱ्या माणसाला आपण एकटे नाही हे कळावे.

त्याच सुमारास घरी येणाऱ्या परिचारिकेने मला एक प्रश्नावली भरायला दिली. स्टीव्हन झरिट यांनी १९८० च्या सुमारास तयार केलेल्या या प्रश्नावलीत आज सर्वत्र वापरले जाणारे २२ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण आहेत. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, या व्यक्तीजवळ असताना राग येतो का, तब्येतीवर परिणाम झाला आहे का, असे ते प्रश्न. रागाच्या प्रश्नाशी मी बराच वेळ थांबलो. तो प्रश्न छापलेला आहे, याचा अर्थ माझ्याआधी हजारो लोकांना तो राग आला आहे, हे लक्षात आल्यावर मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. त्या अडीच वर्षांत "तू कसा आहेस?" हे मला अनेकांनी विचारले, पण उत्तर लिहून घेण्यासाठी ते त्या एका कागदानेच विचारले. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की, जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांच्यावर ताण होता अशा वृद्धांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका, शुश्रूषेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त होता. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात ही वाढ आढळली नाही. म्हणजे जिवावर उठतो तो ताण, आणि तो वाटून घेता येतो.

वाटून घेण्याविषयी मला कळवळून एक सांगायचे आहे. "काही लागलं तर सांग" हे वाक्य चांगल्या मनाने म्हटले जाते, पण सांभाळणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही, कारण काय लागते आहे याचा विचार करायला लागणारी शक्तीच त्याच्याकडे उरलेली नसते. माझी धाकटी बहीण दुसऱ्या गावी राहते आणि तोवर तीही हेच म्हणत होती. प्रश्नावली भरल्यावर मी तिला फोन केला आणि दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ये, एवढेच मागितले. ती म्हणाली, "दादा, हे आधी का नाही सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. एका भाच्याने औषधे आणण्याचे आणि रुग्णालयाच्या भेटी ठरवण्याचे काम घेतले. तो परगावी बसून फोनवरून ते करतो. आठवड्यातून चार रात्री एक मावशी येतात, आणि त्या रात्री मी दार लावून सलग सात तास झोपतो. मावशींनी काय करायचे एवढेच सांगून भागत नाही, आईला कसे आवडते तेही सांगावे लागते, आणि मावशींनाही सुटी, विश्रांती आणि आदराने बोललेला शब्द लागतो. ज्या घरात सांभाळणाऱ्याला माणूस म्हणून वागवत नाहीत, तिथे वृद्धाची शुश्रूषाही फार दिवस नीट होत नाही, असे मी पाहिले आहे.

इतक्या जणांचे हात लागू लागल्यावर एक वही केली. जेवण किती, पाणी किती, संडास-लघवी, चालणे, मनःस्थिती, काही वेगळे दिसले का, असे ज्याची पाळी असेल त्याने लिहायचे. ती वही आईच्या खाटेशेजारी असायची. एका रविवारी बहीण लिहीत असताना आईने विचारले, "माझ्याबद्दल काय लिहिता रोज?" बहिणीने वही तिच्या हातात दिली. आईने चष्मा लावून चार महिन्यांची पाने वाचली, दुपारभर. मग तिने दोन चुका दाखवल्या आणि एका पानावरच्या "चिडचिड केली" या शब्दांखाली रेघ ओढून म्हणाली, "त्या दिवशी माझा गुडघा दुखत होता. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तेव्हापासून रोजच्या पानाच्या तळाशी दोन ओळी तिच्यासाठी मोकळ्या सोडतो. अक्षर कापरे आहे, कधी ओळ तिरपी खाली उतरत जाते, आणि काही दिवशी ती काहीच लिहीत नाही. पुन्हा रुग्णालयात जायचे का, कोणत्या परिस्थितीत न्यायचे आणि कोणत्या परिस्थितीत घरीच ठेवायचे, हेही तिने त्याच वहीत तीन बैठकांत लिहिले, आणि त्याची प्रत आम्ही डॉक्टरांना दिली. तिच्यासमोर हा विषय काढायला मी वर्षभर घाबरत होतो. ती मात्र बहुधा वाटच पाहत होती. आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरायचे काम मी करतो आणि तपासायचे काम आता तिच्याकडे आहे.

काल रात्रीच्या पानावर तिची ओळ आहे : "गोळ्या मोजल्या. गुरुवारच्या खणात एक कमी होती." मी डबी उघडून पाहिली. खरोखरच एक कमी होती.